फाईलमधलं चौदावं पान

४ फेब्रुवारी

महोदय,

आपला अर्ज मिळाला. चौतीस वर्षांपूर्वी आपण ज्या सरकारी बालगृहात होता, तिथली आपली फाईल आपल्याला हवी आहे. शोध चालू आहे. दप्तर जुनं असल्यामुळे थोडा वेळ लागेल.

एवढंच टाइप होऊन साहेबांच्या सहीनं जायला हवं होतं. पण मी हातानं लिहितेय आणि साध्या पाकिटातून पाठवणार आहे. अर्ज ज्या टेबलावर आला, ते टेबल माझं आहे. नाव मी तीनदा वाचलं. वय सेहेचाळीस, बरोबर. ओळखखूण, डाव्या भुवईवर व्रण, तीही बरोबर. लोखंडी खाटेचा कोपरा लागून तो झाला होता, आणि खाट मी ढकलली होती.

दादा, मी तुमची बहीण. बालगृहात मला सगळे शेपटी म्हणायचे, कारण तुम्ही जाल तिथे मी मागोमाग. इतक्या वर्षांनी मोठ्या भावाला तू म्हणायचं की तुम्ही, ते मला ठरवता येईना, म्हणून आज तुम्ही. अर्जावरचा पत्ता असा खाजगी कामाला वापरणं नियमात बसत नाही. कृपा करून कुणाला बोलू नका.

व्यवसायाच्या रकान्यात ‘लिफ्ट दुरुस्ती’ लिहिलंय. ते वाचून फार बरं वाटलं. लोक अडकले की तुम्हाला बोलावत असतील.

इथे आम्ही सगळे मजेत आहोत. नोकरी आहे, घर आहे, गॅलरीत चार कुंड्या आहेत. फाईल सापडली की पाठवते. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे तुम्हाला माहीत असेलच.

आपली धाकटी बहीण


१९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. पण पाकीट परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असावं. आता मी तूच म्हणते. रागावलास तरी मला इथे ऐकू येणार नाही.

माझं काम काय ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मी जागा शोधते. सरकारच्या ताब्यात असलेलं एखादं मूल अचानक बिथरतं, स्वतःच्याच जिवावर उठतं, तेव्हा बालगृहवाले गाडी बोलावतात. गाडी त्याला मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात नेऊन सोडते. तिथे हातापायाची जखम बांधतात. मनाचं बघायला डॉक्टर आठवड्यातून दोनदा येणार, तेही तासभर. बालगृह म्हणतं, आम्ही परत घेणार नाही, आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत. मग ते मूल तिथेच खाटेवर बसून राहतं आणि माझ्या टेबलावर कागद येतो.

माझ्याकडे तेवीस संस्थांची यादी आहे. सकाळी दहाला पहिल्या नंबरापासून सुरू करते. पलीकडून ठरलेले प्रश्न. वय किती? वजन किती? चावते का? पळते का? अंथरूण ओलं करते का? आणि शेवटी, आत्ता नाही, पुढच्या आठवड्यात बघा. मी वहीत लिहिते, ‘जागा उपलब्ध नाही.’ एकोणीस वर्षं झाली. बाकी माझं अक्षर कुत्र्यामांजराच्या पायाचं, पण हे तीन शब्द बघशील तर छापल्यासारखे येतात.

आज एका मुलीचा सातवा दिवस. तेरा वर्षांची आहे. तिची सात वर्षांची बहीण बालगृहातच आहे. नावं लिहायची परवानगी नाही, म्हणून थोरली आणि धाकटी म्हणते. थोरलीच्या कागदावर एक ओळ आहे: ‘सदर बाब धाकट्या बहिणीने काळजीवाहिकेस कळविली.’ ती ओळ वाचल्यावर मी डबा तसाच घरी परत आणला.

तुला नेलं तेव्हाचं मला काहीच आठवत नाही. मी झोपले होते. उठले तर तुझी खाट रिकामी. एवढंच.

फाईल अजून सापडलेली नाही.

शेपटी


२ मार्च

दादा,

आज मी इस्पितळात गेले. एकोणीस वर्षांत मी माझ्या कागदावरचं एकही मूल डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. माझ्या कामात ते बसत नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारण ‘दाताचं दुखणं’ लिहिलं.

थोरली सहा नंबरच्या खाटेवर होती. सगळे तिला सहा नंबरच म्हणतात. खाट वजनकाट्याच्या शेजारी, म्हणजे येणारा प्रत्येक पेशंट तिच्या पायाशी उभा राहून वजन करतो. पळून जाऊ नये म्हणून तिच्या चपला कपाटात ठेवल्यात. पडद्याबाहेर स्टुलावर पहारेकरी. अठरा दिवस तिनं आकाश पाहिलेलं नाही.

“तुम्ही कोण?”

“मी तुझ्यासाठी जागा शोधते.”

“सापडली?”

“नाही.”

“मग आलात कशाला?”

म्हटलं, “बघायला.”

“बघितलंत ना?” म्हणून तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी जागची हलले नाही. भिंतीकडूनच आवाज आला, “किती जणांनी नको म्हटलं मला?”

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, “तेवीस.”

“सगळ्यांनीच?”

“काहींनी दोनदा.”

ती फस्सकन हसली. पडद्याआडून परिचारिका डोकावून बघून गेली, आवाज कुणाचा म्हणून. मग थोरली माझ्याकडे वळली. “ती जेवते का?”

“कोण?”

“तुम्हाला माहितीये कोण. तिला सांगा मी रागावले नाहीये. नको, तसं नका सांगू. मी रागावलेय. पण जेवायला सांगा.”

बाहेरच्या बोळात मला मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. पुरुषी चपला, खांद्याला कापडी पिशवी. मी कोण ते कळल्यावर म्हणाल्या, “तुमचं अक्षर ओळखते मी. जागा उपलब्ध नाही.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या चिडलेल्या नव्हत्या. बोळातल्या बाकावर बसून त्यांनी सांगितलं की मुलाला उचलून जागेकडे नेण्यापेक्षा माणसांनी मुलाकडे जावं. एक परिचारिका, एक समुपदेशक आणि बालगृहात वाढलेली एखादी बाई. फोन आला की तासाभरात तिघांनी हजर व्हायचं, मूल शांत होईपर्यंत बसायचं आणि पुढे सहा आठवडे रोज जायचं. बालगृहातच एक रिकामी खोली ठेवायची, दार उघडं असलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हे सगळं लिहून आमच्या साहेबांना दिलंय. साहेबांच्या खणात ते झोपलंय.

मीही काही कमी नाही, दादा. तुझी फाईल पहिल्या दिवसापासून माझ्या खणात आहे.

आणि आणखी एक. पहिल्या पत्रात मी ‘आम्ही सगळे’ लिहिलं होतं. आम्ही म्हणजे मी. सगळे म्हणजेही मीच. लग्न केलं नाही. एका माणसानं विचारलं होतं. त्याच्या आईनं माहेरचं कोण कोण आहे म्हणून विचारलं आणि मी कप विसळायला आत गेले, ती बाहेर आलेच नाही. कुंड्या मात्र खरंच चार आहेत.

शेपटी


५ मार्च

दादा,

हे कुणाला तरी सांगितलं पाहिजे, आणि मला सांगायला दुसरं कुणी नाही.

आज साडेअकराला यादीतल्या एकविसाव्या संस्थेचा फोन आला. जागा झालीय. नऊ तासांच्या रस्त्यावर. बंद दारांची संस्था, भेटायला महिन्यातून एकदा. “तासाभरात हो म्हणा, नाहीतर दुसऱ्या मुलाला देतो.”

मी “कळवते” म्हणाले आणि फोन ठेवला. मग घड्याळाकडे बघत बसले. साहेब समोरच्या खोलीत होते, दार उघडं होतं, दहा पावलांचं अंतर. साडेबारा वाजले. मी वही ओढली आणि लिहिलं, ‘जागा उपलब्ध नाही.’

या तीन शब्दांत मी आजवर कधी खोटं लिहिलं नव्हतं.

मी कोण लागून गेले हे ठरवणारी? उद्या त्या मुलीनं त्या खाटेवर स्वतःचं काही बरंवाईट करून घेतलं तर त्याला जबाबदार मी. वही बंद करून तिच्यावरच बसले. दुपारी इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरांचा साहेबांना फोन, खाट अडलीय, आज काहीतरी करा. साहेब माझ्याकडे आले. “काहीच नाही?”

“नाही साहेब. पण डॉक्टरीणबाईंचा तो कागद तुमच्या खणात आहे. त्याला जागा लागत नाही.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू टेबलच बोललं.

शेपटी


१६ मार्च

दादा,

साहेबांनी सही केली. ‘प्रायोगिक तत्त्वावर, सहा महिने.’ थोरली अकरा तारखेला बालगृहात परत आली. मागच्या अंगाची शिवणकामाची खोली रिकामी करून तिला दिलीय. परिचारिका, समुपदेशक आणि तिसरी बाई रोज येतात. तिसरी बाई बालगृहात वाढलेली, पेशानं स्वयंपाकीण आहे. ती फक्त बसते आणि काहीबाही निवडत राहते, मुली आपोआप जवळ येतात.

मी काल गेले होते, निमित्त कागद पोचवण्याचं. धाकटीला पाहायचं होतं. ती जेवणघराच्या कोपऱ्यात ताटाकडे पाठ करून बसली होती. बहीण परत आली तरी तिच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. काळजीवाहिका मावशी म्हणाल्या, “महिना होत आला. बोलत नाही. सांगितलं तिनंच ना, ते मनाला लावून घेतलंय.”

मी तिच्याजवळ फरशीवर बसले. माझे गुडघे आता कुरकुरतात, त्या आवाजानं तिनं पाहिलं. म्हटलं, “तू मावशींना सांगितलंस ते बरोबर केलंस. नंतर गाडी आली, ते मोठ्यांनी केलं. ते तू नाही केलंस.”

ती म्हणाली, “पण मी सांगितलं म्हणून गाडी आली.”

दादा, ती जे म्हणाली ते मी चौतीस वर्षं रोज म्हणते.

आता सांगते. मी झोपले नव्हते. तू आदल्या दिवशी मला म्हणाला होतास, उद्यापासून तुझी वेणी तू घाल, मी नसेन. उशीखाली तू काय लपवलंस ते मी पाहिलं होतं. सकाळी आंघोळीच्या रांगेत मी अधीक्षकबाईंचा पदर ओढला आणि सांगितलं. मला वाटलं त्या तुला रागावतील. फार तर जेवण बंद करतील. अर्ध्या तासानं गाडी आली. दोन माणसांनी तुझे हात मागे बांधले. तू ओरडत नव्हतास. तू रांगेकडे बघत होतास, एकेका तोंडाकडे, आणि मी टमरेल तोंडासमोर धरलं.

फाईलमध्ये चौदाव्या पानावर ते सगळं आहे. ‘कनिष्ठ भगिनीने दिलेल्या माहितीवरून.’ खाली माझा अंगठा. पुढची पानंही मी वाचली. तुला मोठ्या माणसांच्या वेड्यांच्या इस्पितळात पाच महिने ठेवलं होतं. बारा वर्षांच्या मुलाला. तिथून दुसऱ्या जिल्ह्यात. माझ्यासाठी तू चार वेळा अर्ज केलास, ‘बहिणीला भेटायचे आहे.’ चारही अर्ज फाईलला लावलेले आहेत. मला एकही कुणी दाखवला नव्हता.

चोराच्या मनात चांदणं. तुझा अर्ज आला तेव्हा वाटलं, दादाला हेच पान हवंय. ते काढून फाडलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. एकदा काढलंही होतं. मग परत लावलं.

फाईल या पत्रासोबत पाठवतेय. सगळी एकसष्ट पानं.

तुझी बहीण


२४ एप्रिल

दादा,

पाकिटाची पोच आली. त्यावर तुझी सही आहे. म्हणजे वाचलं असशील. तू गप्प राहिलास तर तो तुझा हक्क आहे, हे मी स्वतःला बजावते. तरी पोस्टमनची वेळ झाली की खाली जाते. शेजारीणबाईंना सांगते कचरा टाकायला चाललेय. महिनाभर इतका कचरा कुठून येतो, असं त्यांना वाटत असेल.

इथलं सांगते. गेल्या मंगळवारी दुपारी थोरली न्हाणीघरात गेली आणि आतून कडी घातली. वर्गात कुणीतरी ‘सहा नंबर’ म्हटलं होतं. पूर्वी असतं तर मावशींनी दार फोडायला माणूस आणि न्यायला गाडी, दोन्ही बोलावलं असतं. या वेळी त्यांनी भिंतीवर चिकटवलेल्या नंबरावर फोन केला. तोवर दाराशी बसून नुसत्या बोलत राहिल्या. चाळीस मिनिटांत तिघं आली. परिचारिकेनं आधी विचारलं, “आत काही धारदार आहे का? खरं सांग, मी ओरडणार नाही.” आतून आवाज, “नाही.” “बरं, मग आम्हाला घाई नाही.” स्वयंपाकीणबाईंनी परात मागवली आणि दाराबाहेर बसून भाजी निवडायला घेतली. दोन तास. मध्येच धाकटी आली. कुणी बोलावलं नव्हतं. दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाली, “मी जेवले.”

थोड्या वेळानं कडी निघाली.

गाडी आली नाही, दादा. मी हे मावशींकडून ऐकलं आणि फोन ठेवून रेकॉर्डरूमच्या पायरीवर जाऊन बसले.

रेकॉर्डरूमच्या, कारण मी आता तिथेच असते. त्या एकविसाव्या संस्थेनं लेखी तक्रार केली की आम्ही जागा देऊ केली आणि तुमच्या कार्यालयानं उत्तर दिलं नाही. साहेबांनी बोलावलं. मी नाही म्हटलं नाही.

“बाई, मुलीला काही झालं असतं तर?”

“तर मी जबाबदार होते.”

“आणि झालं नाही म्हणून?”

“तरी मीच जबाबदार आहे, साहेब.”

ते पेपरवेट फिरवत म्हणाले, “कागदोपत्री मला काहीतरी करावंच लागेल.” पगारवाढ थांबली, फोनचं टेबल गेलं. पण त्यांनी त्या तिघांचा प्रयोग बंद केला नाही. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी यादी समजावून दिली. तिनं विचारलं, “पहिल्या दिवशी काय करू?” मी म्हटलं, “आधी इस्पितळात जाऊन ये.”

रेकॉर्डरूममध्ये खिडकी नाही. दिवसभर कुणी येत नाही. पूर्वी निदान तेवीस माणसं ‘नाही’ म्हणायला तरी फोनवर असायची. आता घरी आल्यावर स्वतःचा आवाज कसा आहे ते बघायला मोठ्यानं काहीतरी वाचते. कालचं वर्तमानपत्र, साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर.

तुला भेटायचा अर्ज मी एकदाही केला नव्हता. तू चार केलेस. तेवढं सांगायचं राहिलं होतं.

शेपटी


१२ मे

दादा,

तुझं पत्र आज दुपारी आलं. पोस्टमनसमोरच फाडलं. तू लिहिलंयस ते मी पुन्हा इथे उतरवते, खरंच तसं आहे ना ते बघायला.

‘चौदावं पान वाचलं. मला तेव्हाच माहीत होतं. ते मी तुझ्याशिवाय कुणाला बोललोच नव्हतो, मग दुसरं कोण सांगणार? राग होता. दहा-बारा वर्षं होता. मग कामाला लागलो. फाईल मी त्यासाठी मागितली नव्हती. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. जानेवारीपासून तिचं बिनसलंय. डॉक्टर विचारतात, घरात आधी कुणाला असं झालं होतं का, कोणतं औषध लागू पडलं. मला काय सांगता येणार? बायकोला मी बालगृहातला आहे हेच माहीत नव्हतं. तुझी पत्रं मी हत्यारांच्या पेटीत ठेवली. परवा पोरगी दार लावून बसली. शेजारी म्हणाले, पोलिसांना बोलवा. मी फोन उचलला आणि माझे हात मागे गेले. आपोआप. फोन खाली पडला. मग बायकोला सगळं सांगितलं, पत्रं दाखवली. तुमची ती माणसं आमच्याकडे येतील का?’

दादा, ती तिघं एवढ्या लांब येऊ शकत नाहीत, मी लगेच विचारलं. पण डॉक्टरीणबाई उद्या अकरा वाजता तुला फोन करतील. त्यांना फाईलमधलं अठ्ठावीस ते चौतीस पान वाचून दाखव, तुझी औषधं तिथे आहेत. त्या तुझ्या गावातल्या एका चांगल्या डॉक्टरांशी बोलणार आहेत.

तोपर्यंत एवढं कर. घरातली धारदार हत्यारं, औषधं, तुझी ती पेटी, सगळं शेजाऱ्यांकडे ठेवून ये. तिला एकटीला सोडू नकोस, आणि डोक्यावर बसूही नकोस. दार लावलं तर दाराशी फरशीवर बस. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचार. विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर ओरडू नकोस, रडलास तरी चालेल, आणि डॉक्टरीणबाईंना त्याच क्षणी फोन लाव, वेळ बघू नकोस. त्यांचा नंबर पाठीमागे लिहिलाय. जिवावरचं वाटलं तर सरळ इस्पितळात ने, पण तू सोबत राहा, तिचा हात सोडू नकोस. वहिनींना सांग, यात त्यांची चूक नाही.

मी रजा टाकली आहे. या वेळी कारण खरं लिहिलंय. उद्या सकाळच्या गाडीनं निघते, म्हणजे हे पत्र पोचण्याआधी बहुधा मीच पोचेन. म्हणून आत्ता खालच्या दुकानातून तुला फोन करून हेच सगळं सांगणार आहे. तू अर्जात नंबर दिला होतास. तीन महिने पाठ आहे. लावायचं धाडस झालं नाही.

मी फार काही करू शकणार नाही. औषधातलं मला कळत नाही. पण दाराबाहेर बसायला एक माणूस कमी पडत असेल, तर मला बसता येतं.

ती विचारेल, ही कोण बाई आली? तिला तूच आधी सांगून ठेव. आत्या येतेय म्हण. मी दाराशी उभी राहून स्वतःच्या तोंडानं तो शब्द म्हणायला गेले तर मला जमायचं नाही.

तुझी बहीण